पंधरा दिवस मोजायचे कुठून?

आबा गेल्याच्या चौथ्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर पैसे आले.

ओटा माणसांनी भरला होता. कोनाड्यात ठेवलेला साधा बटणांचा फोन टुणटुण वाजला आणि माय आतून म्हणाली, "तुना बापना फोन वाजी ऱ्हायना." मी उघडून पाहिला. डिसेंबरच्या शेवटी सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर घातलेल्या कापसाचं पेमेंट होतं. २६ क्विंटल ४० किलो. हमीभाव ७,५२१ रुपये, पण ओलावा आठ टक्क्यांच्या वर एक टक्का निघाला म्हणून तेवढी कपात. खात्यात जमा १,९६,५६९ रुपये. ट्रॅक्टर भरताना आबांनीच वर उभं राहून कापूस तुडवला होता. पैसे कधी येतील म्हणून दवाखान्यातसुद्धा दोनदा विचारलं होतं.

पुढे जे झालं ते लिहून ठेवतोय, कारण जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत एकच गोष्ट मला कुणी सांगितली नाही. ती आधी कळली असती तर माझे खाडे वाचले असते, आणि बहिणीपुढे मान खाली घालायची वेळही आली नसती. बँकेचं नाव लिहीत नाही. आमच्या भागात चार बँकांच्या शाखा आहेत, अनुभव विचारले तर चारही ठिकाणचे सारखेच निघतील.

दहाव्यालाच एक-दोघांनी कानात सांगितलं होतं, "बँकेला कळवायच्या भानगडीत पडू नको. एटीएम कार्ड आहे, पिन माहीत आहे, रोज थोडे थोडे काढून घे." गावात बरेच जण असंच करतात. मी सुरतेला उधन्यात एका मिलमध्ये हिशेब लिहितो. मेलेल्या माणसाच्या कार्डाने पैसे काढणं चुकीचं, एवढं मला कळत होतं. शिवाय माय खात्याला नॉमिनी आहे हे आबांनी स्वतः सांगितलेलं. जुन्या पासबुकाच्या पहिल्या पानावर 'नामनिर्देशन नोंदवले' असा शिक्काही होता. म्हटलं, सरळ रस्ता आहे. मृत्यूचा दाखला द्यायचा, मायचं आधार कार्ड द्यायचं, झालं.

दाखल्यालाच महिना संपत आला. आबा धुळ्याला दवाखान्यात गेले, त्यामुळे मृत्यूची नोंद धुळ्यालाच. मी आधी गावच्या ग्रामपंचायतीत दोन चकरा मारल्या. जिथे मृत्यू होतो तिथेच नोंद होते, हे तिथे कळलं. पण ते एक असो, धुळ्याच्या माणसाने दाखला दिला तेव्हा चार प्रती दिल्या आणि म्हणाला, "जास्तच घ्या, लागतात." इतक्या महिन्यांत मला न मागता मिळालेला खरा सल्ला तेवढा एकच.

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी धरून दोंडाईच्याला उतरलो, पुढे एसटी. माय गावाहून चुलतभावाच्या मोटारसायकलवर आली. बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. लाडक्या बहिणींचे हप्ते, केवायसीचे अर्ज, पीएम किसानचे अंगठे. चार काउंटरपैकी दोनांवर माणसं, त्यातल्या एकावर कॅश. एक वाजून गेल्यावर आमचा नंबर लागला. काउंटरवरच्या मॅडमनी दाखला पाहिला, खातं उघडून पाहिलं आणि पहिलं काम केलं ते म्हणजे खात्याला होल्ड लावला. ते बरोबरच होतं, त्यात माझी तक्रार नाही. मग म्हणाल्या, "डेथ क्लेमचे फॉर्म संपलेत. पुढच्या आठवड्यात या."

"मॅडम, मी सुरतेहून आलोय."

"मग तुम्ही कशाला येता? आईंना पाठवा."

माय सही करत नाही, अंगठा देते. तिला एकटीला पाठवलं तर संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवतील, हे त्या मॅडमनाही माहीत होतं आणि मलाही. दाखल्याची एक प्रत त्यांनी ठेवून घेतली. कुठे ठेवली ते मी पाहिलं: कीबोर्डखाली.

घरी जाताना मायने विचारलं, "पैसा तुना बापना, मंग त्या कसाले अडाई ऱ्हायनात?" मी म्हटलं, फॉर्म संपलेत. ती काही बोलली नाही. तिच्या डोक्यात आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, हिशेब चालू होता. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला संपतं आणि नवं ठरतं. सालदाराचे ६० हजार द्यायचे होते. आबांच्या शब्दावर तो वर्षभर राबला होता आणि आबांचा शब्द आता आमच्या गळ्यात होता.

१७ फेब्रुवारीला दुसरी चक्कर. या वेळी फॉर्म होते, पण मॅडम ट्रेनिंगला गेलेल्या. त्यांच्या जागी नवे साहेब बसले होते, हिंदी बोलणारे, महिन्याभरापूर्वीच बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. पाणी विचारलं. मग विड्रॉल स्लिपच्या पाठीवर यादी लिहून दिली: वारस प्रमाणपत्र, सगळ्या वारसांचं संमतीपत्र पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरी, दोन जामीनदार, जामीनदार पगारदार असले तर उत्तम.

मी म्हटलं, आई नॉमिनी आहे. त्यांनी स्क्रीनवर पाहिलं. "नॉमिनी है, लेकिन अमाउंट बड़ा है. ऑडिट में हमको पूछेंगे." आता ज्याला ऑडिटची भीती घातली त्याच्याशी मी काय वाद घालणार? मीही हिशेबातलाच माणूस. ती भीती मला ओळखीची होती, म्हणून मी मुकाट्याने स्लिप खिशात घातली. आज वाटतं, तिथेच एक वाक्य विचारायला हवं होतं: हे कोणत्या परिपत्रकात लिहिलंय ते दाखवा.

वारस प्रमाणपत्राचं काय, तर वकील म्हणाले कोर्टाचं काम आहे, महिने लागतील. ते मी बाजूला ठेवलं. संमतीपत्र तरी करून नेऊ म्हणून स्टॅम्प आणला. शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबरपासून बंदच झालेला, म्हणून पाचशेचा. आणि बहिणीला फोन केला.

मला खरा राग इथला आहे. बहीण नंदुरबारला असते. बाप जाऊन दीड महिना झालेला, आणि भाऊ फोन करून सांगतो की स्टॅम्पवर सही करायला ये, 'माझी काही हरकत नाही' असं लिहून द्यायचंय. मी किती समजावून सांगितलं तरी पलीकडे काय ऐकू येत असेल? थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "माले काय वाटा जोयजे का भाऊ? कोठे सही करनी ते सांग." आवाजात काहीच नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मेहुण्यांनी मागून काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं. ती आली, सही केली, चहा घेतला, संध्याकाळच्या गाडीने गेली. एरवी दोन दिवस राहते.

३ मार्च, तिसरी चक्कर. संमतीपत्र होतं, नोटरी होती, जामीनदार म्हणून शाळेतले एक गुरुजी आणि एक ग्रामपंचायत सदस्य सोबत आणले होते. मॅडम परत जागेवर होत्या. कागद चाळले. म्हणाल्या, "जामीनदारांचं खातं आपल्या शाखेत पाहिजे. सरांचं आहे, यांचं नाही." मग त्यांनी मायचं आधार कार्ड पाहिलं. "आणि हे काय? नॉमिनीच्या नावात 'बाई' आहे, आधारवर 'बाई' नाही. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल."

आता गंमत पाहा. त्याच शाखेत, त्याच मॅडमच्या हाताने, मागच्या पावसाळ्यात मायचं खातं उघडलं होतं. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार दर महिन्याला त्याच खात्यात येतात. आधार, फोटो, अंगठा, सगळं त्यांच्याकडे आहे. दीड हजारांना ती ओळखीची होती. दोन लाखांना अनोळखी झाली.

मी म्हटलं, निदान आणलेले कागद तरी जमा करून घ्या आणि पोच द्या. "अपूर्ण कागदांची पोच देत नाही आम्ही," त्या म्हणाल्या. मागे रांगेतला एक म्हातारा ओरडला, "ओ भाऊ, लवकर आटपा ना." कागदांची पिशवी उचलून बाहेर आलो. गुरुजींची अर्धी रजा वाया गेली होती. त्यांनी रसवंतीवर उसाचा रस पाजला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

परतीच्या गाडीत नंदुरबारला खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर पथारींवर लाल मिरची वाळत घातलेली, डब्यात सगळे खोकताहेत. मोबाइलवर त्या बँकेच्या साइटवर शोधत बसलो. तिथे खाली बारीक अक्षरात 'धोरणे' म्हणून एक कोपरा असतो. त्यात मृत ठेवीदारांच्या दाव्यांचं धोरण सापडलं. इंग्रजीतलं, लांबलचक. नवापूरपर्यंत नेटवर्क जातं-येतं, त्यामुळे अर्धं पान उतरायचं आणि थांबायचं. मी तसंच वाचत गेलो.

त्यात जे होतं ते असं. खात्याला नॉमिनी असेल तर बँकेने त्याची ओळख पटवून घ्यायची, मृत्यूचा दाखला घ्यायचा, कोर्टाची मनाई नाही एवढं पाहायचं आणि पैसे द्यायचे. वारस प्रमाणपत्र मागायचं नाही. जामीनदार आणि हमीपत्रही मागायचं नाही, रक्कम कितीही असो. रिझर्व्ह बँकेने हे ९ जून २००५ च्या परिपत्रकातच सांगितलेलं होतं. नॉमिनी पैसे घेतो तो वारसांच्या वतीने, विश्वस्त म्हणून. वारसांनी पुढे आपसात काय करायचं ते त्यांचं ते पाहतील, पण नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते. म्हणजे बहिणीची सही लागतच नव्हती. पाचशेचा स्टॅम्प गेला याचं मला काही वाटलं नाही. तिची ती एक संध्याकाळ मात्र अजून टोचते.

आणि त्याच परिपत्रकात मुदत दिली होती: दावा मिळाल्यापासून १५ दिवस.

व्याऱ्यापर्यंत मी त्या एका ओळीवर अडकून होतो. दावा मिळाल्यापासून. आमचा दावा बँकेला मिळाला कधी? तीन वेळा गेलो, पण एकदाही आमचा एकही कागद बँकेच्या दप्तरी चढला नव्हता. एक दाखला कीबोर्डखाली, बाकी सगळं माझ्या पिशवीत. मिलमध्ये माल आला आणि चलनावर शिक्का नसला, तर माल आलाच नाही असं मीच रोज पार्टीला सांगतो. मॅडमनी पोच का दिली नाही, ते मला आता कळलं. त्यांनी मुद्दाम केलं असंही नसेल. दोन माणसं चार काउंटर सांभाळतात. पोच दिली की दिवस मोजायला लागतात, म्हणून ती न देण्याची सवयच लागून गेली असेल. १५ दिवस मोजायला पहिला दिवस लागतो आणि तो पहिला दिवस त्यांनी उगवूच दिला नव्हता.

मग मी शाखेत गेलोच नाही. साइटवरून क्लेम फॉर्म उतरवला, उधन्याच्या झेरॉक्सवाल्याकडे छापला. रविवारी गावी जाऊन मायचा अंगठा घेतला, अंगठ्याला दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मृत्यू दाखला, मायचं आधार, जुन्या पासबुकाचं शिक्क्याचं पान, तिच्या स्वतःच्या खात्याचं पान, सगळं जोडलं. वर एक पानी पत्र, मराठीत. त्यात तिन्ही चकरांच्या तारखा, कोणी काय मागितलं, आणि शेवटी एकच विनंती: यापैकी जे कागद नियमाने लागतात ते कोणत्या नियमाने लागतात ते लेखी कळवा. विड्रॉल स्लिपवरच्या यादीची झेरॉक्स मुद्दाम जोडली. १० मार्चला रजिस्टर पोस्टाने, एडीसकट म्हणजे पोचपावतीच्या कार्डासकट, शाखेला पाठवलं. एक प्रत विभागीय कार्यालयाला. धुळवडीनंतर एडीचं कार्ड परत आलं. त्यावर शाखेचा गोल शिक्का होता आणि तारीख होती १२ मार्च.

सव्वा महिना जी पोच मिळत नव्हती ती पोस्टमनने आणून दिली.

२७ मार्च आला, गेला. उत्तर नाही. मार्च एंड आहे, म्हणून मी स्वतःलाच समजावलं. एप्रिलमध्ये एकदा शाखेला फोन लावला, तर "साहेब मीटिंगमध्ये आहेत." ३० दिवस उलटून गेले तसं १२ एप्रिलच्या रात्री रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार टाकली. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर ती तिथे घेतात. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. इंटरनेट जमत नसेल तर १४४४८ नंबर आहे, किंवा साध्या कागदावर लिहून रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या केंद्राला पाठवता येते. फॉर्ममध्ये एक रकाना होता: बँकेकडे तक्रार केल्याची तारीख आणि पुरावा. एडी कार्डाचा फोटो चढवला. तो नसता तर मी तिथेच अडलो असतो.

२१ एप्रिलला मिलमध्ये असताना फोन आला, विभागीय कार्यालयातून. इतका गोड आवाज की मला आधी फसवणुकीचाच कॉल वाटला आणि मी ओटीपी देणार नाही म्हणून सांगून टाकलं. त्यांनी तक्रारीचा नंबर वाचून दाखवला तेव्हा खात्री पटली. "सर, आईंना घेऊन गुरुवारी शाखेत या, अर्ध्या तासात काम होईल."

गुरुवारी, २४ एप्रिलला, काम खरंच पंचवीस मिनिटांत झालं. साहेबांनी खुर्च्या दिल्या. मूळ कागद पाहिले, मायच्या अंगठ्यावर दोन साक्षीदार घेतले, फॉर्म ताब्यात घेतला. 'बाई'चं काय झालं म्हणून मीच विचारलं. साहेबांनी मायच्या खात्याचा फोटो स्क्रीनवर उघडला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "यही हैं ना?" माय म्हणाली, "हाऊ." झालं प्रतिज्ञापत्र. जामीनदारांचं नाव कुणी काढलं नाही. मॅडम शेजारी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही आधीच सांगायचं ना, एवढं वर जायची काय गरज होती?" मी हसलो. दुसरं काय करणार? त्या बाईंनी त्या दिवशीही जेवणाची सुट्टी घेतलेली दिसली नाही. राग धरायचा तर कुणावर धरायचा, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

पैसे मात्र त्या दिवशी आले नाहीत. वरून मंजुरी यायची होती.

३० एप्रिलला आखाजी. आबांच्या नावाची पहिली घागर भरली. बहीण आली होती, पोरांना घेऊन. घागरीवर डांगर तिनेच ठेवलं. सालदार सकाळीच येऊन ओट्यावर बसला. त्याला पुरणाचं जेवण वाढलं आणि मामांकडून उसने घेतलेले ६० हजार हातावर ठेवले. त्याने मोजले नाहीत. बहिणीने विचारलं, "पैसे आले ना बँकेचे?" मी म्हटलं, येतील. मग मागच्या दारी नेऊन सगळं सांगितलं, की तुझी सही लागतच नव्हती, मलाच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "जाऊ दे." आणि या वेळी दोन दिवस राहिली.

१ मेला सुट्टी. २ मेला सकाळी मायच्या फोनवर मेसेज आला. आम्ही तिघं बँकेत गेलो, पासबुक भरून घ्यायला. मशीन बंद होतं, म्हणून काउंटरवरच भरून दिलं. आबांचं पासबुक मॅडमनी 'खाते बंद' असा शिक्का मारून कापायला घेतलं. माय म्हणाली, तसंच द्या. त्यांनी दिलं. तिने ते लुगड्याच्या घडीत ठेवलं.

मग मॅडमना काहीतरी आठवलं. मायचं खातं उघडताना त्या गर्दीत नॉमिनीचा रकाना रिकामाच राहिला होता. त्यांनी फॉर्म पुढे केला. "आजी, नाव कोणाचं लावू? मुलाचं ना?"

माय माझ्याकडे पाहून म्हणाली, "आंडेरनं लावा." म्हणजे लेकीचं. बहीण मागे बाकावर मोबाइल पाहत बसली होती, तिला ऐकूही गेलं नाही.

फॉर्म भरला, अंगठा झाला, साक्षीदार म्हणून मी सही केली. मॅडमनी तो ट्रेमध्ये टाकला आणि पुढच्या नंबराला हाक मारली. मी काउंटरवरून हललो नाही.

"आता काय?"

"पोच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ड्रॉवर उघडला, शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा आपटला आणि तारखेसकट सही करून खालची चिठ्ठी फाडून दिली.